शंभर टक्के उजेड

निवृत्त मास्तर डोळ्यांत थेंब घालून दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारचे भाऊ-बहीण त्यांना धूसर दिसत होते, बोलणे मात्र स्वच्छ ऐकू येत होते. तंत्रविद्यालयात तीस वर्षे वीजजोडणी शिकवल्यामुळे डिमरचे नाव निघताच त्यांनी कान टवकारले.

“ताई, बाबांच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर मी स्वतः वायफायला जोडलाय. बाबांनी उजेड कमी आहे म्हणून फोन केला, की मी माझ्या घरून वाढवायचो.”

“रोज?”

“चार दिवस वाढवला. मग शंभर टक्क्यांवर गेला, आता आणखी कुठे नेणार? त्यांचे फोन काही थांबेनात. मग मी नुसतंच ‘वाढवला’ म्हणायला लागलो.”

“आणि ते?”

“‘हं, आता छान दिसतंय.’”

“काल संध्याकाळीही तेच म्हणाले ना? मी शेजारीच होते. दुपारी दिवा पुसताना मी बटण बंद केलं होतं, ते बंदच राहिलं होतं रे.”

सल्ला देण्यासाठी उघडलेले तोंड मास्तरांनी मिटले.

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“तोंडावर कसं खोटं पाडू त्यांना?”

इतक्यात तपासणीच्या खोलीतून नर्स बाहेर आली.

“आजोबांबरोबर तुम्हीच ना? ते म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत, मुलाने बसवलेला दिवाच मंद आहे. ऑपरेशन नको म्हणतायत. खरंच दिव्यात काही बिघाड आहे का?”

भाऊ बाकावरून उठला.

“नाही, सिस्टर,” भाऊ म्हणाला. “दिवा चांगला आहे.”