नावेतला सॅल्यूट

उस्ताद : नावेतून उतर म्हनलं ना, जेबा! भांड्यांच्या टेम्पोत जाऊन बस. मुक्कामावर खिचडी टाक सगळ्याहिची.

जेबा : नाही उतरत, उस्ताद. मी एनसीसीच्या नदी-मोहिमेत चप्पू माराले आली, खिचडी टाकाले नाही.

निकिता : मीबी नाही उतरत. मले तं खिचडी येतबी नाही.

उस्ताद : तू गप राह्य, निकिता! काल धरणावर सरावात तुमच्या दोघीचीच नाव उलटली. कर्नल साहेबासमोर! माह्या अख्ख्या नोकरीत असं नाक नाही कापलं कोनी.

जेबा : काहून उलटली, थे सांगा ना. साहेब काठावर आले, तुमी वरडले ‘सावधान’, मी नावेतच उभी राह्यली अन सॅल्यूट ठोकला.

उस्ताद : अवं, पाण्यात कोनी सॅल्यूट ठोकते काय!

जेबा : तुमीच तं शिकवलं. साहेब दिसले का जिथं असान तिथं उभं राह्यचं. पाणी सोडून, असं कधी म्हनलं होतं?

निकिता : बुडतानाबी हिचा हात कपायालेच होता, उस्ताद. मी पाह्यला.

उस्ताद : हसू नोको! आज या पैनगंगेत काही झालं तं तुह्या बापाले मी काय सांगू?

जेबा : अब्बू पुढच्या पुलावर उभे हायत. गॅरेज बंद करून आले. मोहल्ल्यातले लोकं म्हने, ‘शब्बीरभाई, पोरीले नदीत कायले पाठवता?’ अब्बू म्हने, ‘थे पुलाखालून नाव घेऊन जाईन, या पाहाले.’ अम्मीबी आली. आता त्याहिच्यासमोरून मी टेम्पोत जाऊ, मांडीवर खिचडीचा गंज धरून?

उस्ताद : चूक झाली तं शिक्षा भोगा लागते.

जेबा : भोगीन ना. वापस आल्यावर सगळ्या नावा एकटी घासून देईन. पण आज उतरत नाही.

उस्ताद : लय जिद्दी हायेस! थांब, मीच येतो नावेत. हाताले धरून उतरवतो.

निकिता : उस्ताद, हळू, हळू... बसा! साहेबाची जीप आली!

उस्ताद : सावधान!

जेबा : उभे नोका राहू, उस्ताद! बसा खाली! निकिता, डावीकडं वजन टाक!

निकिता : टाकलं! आई वं...

जेबा : थांबली. सावरली नाव. हालू नोका कोनी.

उस्ताद : पाय आपोआप जुळले, पोरी.

जेबा : माह्येबी तसेच जुळले होते.

निकिता : साहेबानं झेंडी दाखवली! बाकीच्या नावा निंघाल्या, उस्ताद!

उस्ताद : मले उतरू दे आधी.

जेबा : आता नावेत कोनीच उभं राह्यत नाही. हा घ्या चप्पू.

(अर्ध्या तासानं. नाव नदीच्या मधोमध.)

निकिता : पूल दिसला! जेबा, पाह्य, तुहे अब्बू रुमाल हालवून राह्यले. अम्मीबी!

उस्ताद : अवं, हात तं हालव त्याहिले.

जेबा : नाही उस्ताद. पुलाखाली धार जोरात हाय. दोनी हात चप्पूवरच.

उस्ताद : मंग तुह्या बापाले मी करतो सॅल्यूट.

जेबा : करा. पण बसून.