सरांची खुर्ची

हृदयविकार विभागाबाहेर आम्ही भेटीच्या वेळेची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर ट्रॅकसूटमधला एक माणूस आणि डबा घेऊन आलेल्या एक बाई बोलत होत्या.

"काल बास्केटबॉलचा अख्खा सामना पाहिला यांनी, भावजी."

"टीव्ही नको म्हणाले होते ना डॉक्टर, वहिनी?"

"ऐकतायत कुठे. तुम्ही शेवटपर्यंत बसूनच का होतात, विचारत होते."

"अठरा वर्षं त्यांचा सहायक आहे मी. सामन्यात नियमानं दोघांतल्या एकाच प्रशिक्षकाला उभं राहू देतात. सर उभे, मी बसलेला. काल संघ माझ्या हातात होता, पण पाय उठलेच नाहीत."

"दोन क्लबांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हाही नाही उठलात."

"सरांना सोडून कुठे जाणार?"

"आणि शेवटच्या मिनिटाला डावीकडे वाकलात ते?"

"दिसलं का ते?"

"यांना दिसलं."

"सवयीनं वाकलो. 'सर, टाइमआउट घ्या,' म्हणालो. रिकाम्या खुर्चीला. तेवढ्यात समोरच्यांनी बास्केट केली. एका गुणानं गेला सामना. शनिवारीही हरलो तर क्लब नवा माणूस आणणार आहे."

"यांनी पलंगावरून दोन्ही हातांनी टाइमआउटची खूण केली. सलाइनची सुई निघाली. नर्स केवढी चिडली."

"आता कोणत्या तोंडानं आत जाऊ?"

"जा हो. निरोप दिलाय त्यांनी. शनिवारी माझी खुर्ची तिथून उचलून टाक म्हणाले. आणि तुझीही."