बिरड्यात पळीभर तूप

सोनाबाई : हे गोळे हायत का दगडं?

वाल्मिक : गोळेच हायत, आक्का. तांदळाच्या पिठाचे. वालाच्या बिरड्यात सोडून शिजवलेत.

सोनाबाई : एक लिंबाएवढा, एक नारळाएवढा. गोदा असती तर हसून हसून मेली असती.

वाल्मिक : ती आदीच मेलीय.

सोनाबाई : बोलायची रीत असती रं. बायको गेल्यापासून तुझं डोकं पण गेलंय. वाल कुणी सोलले?

वाल्मिक : मीच. भिजवले, मोड आणले, सोलले. माझी नखं बघ.

सोनाबाई : उभ्या जन्मात कांदा चिरला नाय, नि सुनेसाठी वाल सोलतोस.

वाल्मिक : मागच्या खेपेला नम्रता भात नि काकडी खाऊन गेली. तिला दूध नाय, दही नाय, तूप नाय, मटणाचं तर नाव नको. माझ्या घरातून सून उपाशी गेली, आक्का. गोदा असती तर मला पडवीत झोपवलं असतं.

सोनाबाई : पण तूप का नको? तुपासाठी म्हैस मारतात काय?

वाल्मिक : ते तिचं तिला ठावं. माझ्या बिडीला तिनं कधी नावं ठेवली?

सोनाबाई : ठेवली की. सगळ्यांसमोर.

वाल्मिक : ठेवली, पण गोड बोलून.

सोनाबाई : गाडी वाजली बघ. जा, तुझ्या पोराच्या, नवीनच्या हातातली पिशवी घे.

(वाल्मिक अंगणात जाऊन परत येतो.)

वाल्मिक : गाडी लावतोय नवीन, नम्रता पाय धुतेय. आक्का, हा वास कसला?

सोनाबाई : वालाचा.

वाल्मिक : वालाला म्हशीचा वास कसा येईल?

सोनाबाई : पळीभरच घातलंय. चौक गावापासून तुपाची बरणी मांडीवर घेऊन आले, ती काय परत न्यायची? पोरीच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नाय.

वाल्मिक : काढ ते.

सोनाबाई : कसं काढू? गोळ्यांनी पिऊन टाकलं. तू गप बस. दिसत नाय, तर कळायचं पण नाय.

नम्रता : बाबा, पायरीपर्यंत वास येतोय. बिरडं? तुम्ही केलंत?

सोनाबाई : तुझ्यासाठीच केलंय गं. बस, वाढते.

वाल्मिक : नको वाढू. नम्रता, यात तूप पडलंय.

सोनाबाई : पडलं नाय, मी घातलं. खोटं कशाला बोलतोस?

नम्रता : असू दे, आत्या. मी भात खाते. काकडी असेल ना?

वाल्मिक : नाय आणली. मुद्दाम नाय आणली.

सोनाबाई : माझ्याकडं काय बघतोस असा?

वाल्मिक : थांबा जरा. फळीवर एक ताट झाकून ठेवलंय. आक्का यायच्या आदी काढलं होतं. त्यात तूप नाय.

नम्रता : ते तुमचं ना?

वाल्मिक : गोदाचं. रोज पहिलं तिचं वाढतो, मग छपरावर ठेवतो, कावळा खातो. आज ठेवायचं राहिलंय.

नम्रता : आईंचं मी कसं खाऊ, बाबा?

वाल्मिक : खा गं. तिला तूप लई आवडायचं. डॉक्टरनं बंद केलं, तर डब्यात बोट घालून चाटायची नि मांजराचं नाव सांगायची. आज तिला आक्काचं देतो.

सोनाबाई : म्हणजे माझं तूप वाया नाय गेलं. आणखी घालू का पळीभर?

वाल्मिक : घाल. आता कुणी बंद करणार नाय.

सोनाबाई : गोड लागतंय का गं? बोल की काहीतरी.

नम्रता : छान झालंय, आत्या. फक्त गोळा टाळूला चिकटलाय.

वाल्मिक : तिचे पण चिकटायचे. जेवताना मी गप बसावं म्हणून करायची.