फुगडीतली मधली जागा

— नाही नाही, बसा की. ती जागा तिची आहे, पण तिला यायला अजून वेळ आहे, तोवर बसा तुम्ही. सुरतची गाडी ना? येईल. विसरवाडीला थांबल्याशिवाय पुढे कुठे जाते — ही नाही, ही ट्रॅव्हल्स आहे, ही कोणाच्या बापासाठी थांबत नाही. तर कुठे होतो आपण? हां, फुगडी. हसा, हसा, अख्खी आश्रमशाळा हसली, तुम्ही एक वाढलात तर माझं काय जातंय. पन्नाशीला टेकलेला माणूस, तापीकाठचा केळीवाला, गावात लोक हेमकांतशेठ म्हणतात — आणि तो भर दुपारी शाळेच्या मैदानात बायकोचे हात धरून फुगडी घालतोय. कशासाठी? तर पोरांना आकाशातले जोडतारे कळावेत म्हणून.

बायको म्हणजे कामिनी. चिंचपाड्याच्या पुढे एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते, तिथेच क्वार्टरमध्ये राहते. मी तिकडे प्रकाशा गावाच्या बाजूला. भेटतो कुठे? इथे. विसरवाडीच्या स्टँडवर, याच बाकावर. दर रविवारी ती तिकडून येते, मी इकडून येतो, चहा घेतो, भजी खातो, मी तिला केळी आणि डबाभर वेफर्स देतो, ती मला मागच्या रविवारचा रिकामा डबा परत देते, आणि आपापल्या गाडीत बसतो. लग्न झालेली माणसं आहोत, बरं का. उगाच भलतं समजू नका, समोरचा भजीवाला बरीच वर्षं तेच समजत होता.

तर त्या दिवशी शाळेत विज्ञान दिन होता. तिने मला बोलावलं, मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिने वर्गाला सांगितलं, आपला सूर्य एकटा आहे, पण आकाशात जोडीने राहणारे तारे पुष्कळ आहेत. लग्नात भटजी दाखवतात ना, सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती? नुसत्या डोळ्यांना दोन दिसतात. दुर्बिणीतून पाहिलं की वसिष्ठाचेच दोन होतात, आणि आणखी खोलात गेलं तर सगळे मिळून सहा निघतात. मी मनात म्हटलं, आमच्या लग्नात मला तर एकही दिसला नव्हता, मी आपली भटजींच्या बोटाकडे बघून मान हलवली होती. मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, दोन तारे एकमेकांना धरून कसे फिरतात, ते सर सांगतील. आता मला सर म्हटल्यावर मी गप्प बसणार आहे का? उठलो. म्हटलं, बाळांनो, सोपं आहे. खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला असतो, त्याच्याभोवती बैल फिरतात. तसा मोठा तारा मध्ये उभा राहतो आणि लहान तारा त्याच्याभोवती फिरतो. आणि भाऊ, खरं सांगू का, बोलताना मी छाती जरा पुढे काढली होती. तिवडा कोण, हे पोरांना कळावं म्हणून.

ती हसली नाही. नुसतं म्हणाली, चला, करूनच बघू. मैदानात पांढऱ्या फक्कीने एक खूण केली. म्हणाली, या खुणेवर मधली जागा ठेवायची, धरा हात. आता तुम्ही मला बघताच आहात, वारा आला तर मी खांब धरतो. आणि कामिनी — ती येईल तेव्हा बघालच — अंगाने भरलेली बाई. फिरायला लागलो. पहिल्या दोन गिरक्या बऱ्या गेल्या, मग माझे पायच जमिनीला लागेनात. ती खुणेच्या जवळ आपली थोडक्या जागेत फिरतेय आणि मी बाहेरून हा एवढा मोठा फेरा मारतोय, एक चप्पल मुख्याध्यापकांच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. थांबलो तर मैदान माझ्याभोवती फिरत होतं. कामिनी पोरांना धुळीतली पावलं दाखवत होती. बघा, म्हणाली, जड तारा मधल्या जागेच्या जवळ राहतो, छोटं वर्तुळ काढतो. हलका लांबून फिरतो, त्याचं वर्तुळ मोठं. पण फेरी दोघांची बरोबरच पूर्ण होते, आणि फिरतात मात्र दोघेही. आता सांगा, मध्ये कोण आहे? पोरं एका सुरात ओरडली, कोणीच नाही. मी वाकून बघितलं. खरंच हो. फक्कीची खूण तशीच्या तशी, तिच्यावर एकही पाऊल नाही.

त्यावर मी हसलो, सगळे हसले, मीही टाळ्या वाजवल्या. पण परतीच्या गाडीत बसलो आणि डोक्यात उजेड पडला. मी इथे दोन गाड्या बदलून येतो, अर्धा दिवस मोडतो. ती जीपमध्ये बसली की आलीच. आणि विसरवाडीत आमचं काय आहे? घर नाही, शेत नाही, सोयरा नाही. मधली जागा. म्हणजे इतकी वर्षं मी गावभर सांगत होतो, आमची मंडळी नोकरीला लांब गेलीय — लांबून फेरा तर मीच मारत होतो.

का गेली म्हणता? बदली आली म्हणून गेली. लोकांना हेच सांगतो. आता तुम्ही कुठले कोण, तुमच्याशी काय खोटं बोलू. घरात आम्ही तिघं होतो. मी, ती आणि आई. कामिनीच सांगते, तीन तारे सारख्या अंतरावर फार काळ टिकत नाहीत. ओढाताण होते, दोघं जवळ येतात आणि एकाला बाहेर भिरकावून देतात. मला आधी वाटलं, ती आईबद्दल बोलतेय. आईने तिला भिरकावलं असं. पण जवळ आलेले दोघं कोण होते, भाऊ? आई तिला ताटावर बोलायची आणि मी भाकरी मोडत बसायचो. एक शब्द बोललो नाही कधी. आई आता थकलीय, पण नजर तशीच. म्हणते, हाऊ दर रईवारले कोठे जास? बायकोना मांगे फिरी ऱ्हायना. मी म्हणतो, ठिबकचा पाइप आणायला जातोय. इतक्या वर्षांत एवढे पाइप आणले असते तर तापी आटली असती.

आणि आज — आज जरा वेगळं आहे. मागच्या रविवारी डबा देताना ती म्हणाली, अहो, हा बाकावरचा संसार पुरे झाला. पुढच्या रविवारी शेवटची येते. एक तर माझ्याबरोबर जीपमध्ये बसा, नाही तर यापुढे आपापल्या घरी. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला समजूत काढता येते. हात सुटले तर दोघंही फेकले जातात, नाही का? आठवडाभर बागेचं काय करू, हा विचार केला. पण बाग भाग्येश बघतो, शेजारीच राहणारा माझा धाकटा भाऊ. आईचं सगळं दीपमाला करते, त्याची बायको. मी आपला बागेत उभा असतो. तिवडा. मग अडलंय कुठे? अडलंय इथे, की लोक म्हणतील, हेमकांतशेठ बायकोच्या क्वार्टरवर भाकरी खातो. एवढंच. दुसरं काही नाही. आणि मला तिची फार आठवण येते, भाऊ. रोज येते. हे तिला आजवर एकदाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगतोय. काय म्हणावं मला.

पिशवीत? केळी आहेत, आमच्याच बागेतली. घ्या ना दोन — थांबा, मी काढतो, तुम्ही हात घालू नका. अं? हो, बाही आहे ती. शर्टाची. दोन शर्ट आहेत, दाढीचं सामान आहे, त्याच्यावर केळीची फणी ठेवली, म्हणजे आईला दिसू नये. म्हणजे मी जाणार असं नाही. नुसतं घेतलंय. भरताना वाटलं, जातो. नंदुरबारला गाडी बदलताना वाटलं, नाही जात. खांडबाऱ्यापर्यंत पुन्हा वाटलं — बघू. तिचा चेहरा बघून ठरवू. मी असाच आहे, आधी तिचा चेहरा बघतो, मग माझं मत तयार होतं, आणि वर म्हणे मोठा तारा.

जीप आली. ती नव्हे, मागची, पिवळी. उतरली बघा — छत्रीवाली. डबा नाही आणलाय आज. हातात डबा नाही, भाऊ. शेवटचा हिशेब असता तर डबा परत आणला असता ना?

ती बाही... आत खुपसू का? नको. राहू दे. दिसू दे तिला.

उठा आता, भाऊ. उठा लवकर, तिला बसू द्या.