ऊब नावाचं बटण

नवरा: …आणि इथे मी थांबणार. सभागृहातले दिवे मंद. पडद्यावर ते एकच बटण, भिंतीएवढं. मग विचारणार, "ह्याने आवाजात काय फरक पडतो?" कुणी म्हणणार, ऊब येते. कुणी म्हणणार, खर्ज मऊ होतो. मग मी सांगणार, ह्या बटणाला आत काहीही जोडलेलं नाही. इतकी वर्षं तुम्ही डोळ्यांनी ऐकत होतात. टाळ्या.

बायको: टाळ्याही लिहून ठेवल्यास?

नवरा: अनुभव आहे. मागच्या वेळी एक बाई रडल्या.

बायको: विकत घेतलं असेल त्यांनी.

आई: खालून दुसरं ना रे? ह्या शर्टाची तर सगळीच सैल झालीत.

नवरा: आई, मी आमच्या वाद्याच्या बटणाबद्दल बोलतोय.

आई: ते कॉम्प्युटरातलं होय. त्याला बटणं कशाला पण? आत हात कुठे जातो?

नवरा: हात जात नाही, माउस जातो. आत नुसते आकडे असतात. हिने आकडे लिहिले की त्यातून आवाज निघतो. पण आकड्यांकडे बघून कुणाला वाजवावंसं वाटेल? म्हणून मी त्याला चेहरा काढतो. दोन्ही बाजूंना लाकूड, मधे घासलेला पत्रा, चार कोपऱ्यांत चार स्क्रू.

आई: ते स्क्रू काय धरतात?

नवरा: काही नाही.

आई: अगं बाई.

बायको: आणि आई, चारही स्क्रूंच्या खाचा वेगवेगळ्या दिशांना आहेत. सगळ्या एका रेषेत आल्या की खोट्या वाटतात म्हणे.

नवरा: वाटतातच.

आई: म्हणजे खोटं असलं तरी खोटं दिसू नये, एवढी काळजी.

नवरा: ह्याला कला म्हणतात, आई. इकडे ये, बघ. हे बटण फिरवलं की वरची पांढरी रेघ फिरते. पण कडेची चमक? जागच्या जागी. कारण बटण फिरतं, दिवा फिरत नाही. नवशिके चमकसुद्धा फिरवतात, मग ते बटण न वाटता गरगरणारी ताटली वाटते. आणि सावली काळी नाही, निळसर आहे. काळी काढली की पत्र्याला भोक पडल्यासारखं दिसतं.

आई: दिवा कुठाय पण?

नवरा: डावीकडे, वर.

आई: खिडकी तर उजवीकडे आहे आपली.

नवरा: आतला दिवा, आई.

आई: बरं बाबा. छान दिसतंय हो. हात लावावासा वाटतो.

नवरा: ऐकलंस? हेच तर माझं म्हणणं.

बायको: मी कुठे नाही म्हणते? पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मीही स्क्रीनवर बोट टेकवलं होतं. डाग पडला म्हणून तूच ओरडलास.

आई: मग ते काही न करणारं बटण काढलंसच कशाला?

नवरा: हिने मला सात बटणं दिली. धार, घुमारा, शेपूट, अशी सात कामं, सात बटणं. वर चार मांडली, खाली तीन. चौथी जागा रिकामी. हसऱ्या माणसाचा दात पडल्यासारखी. तीन तऱ्हांनी मांडून बघितली, दात पडलेलाच. शेवटी आठवं काढलं आणि खाली लिहिलं, "ऊब". म्हटलं, ऊब कुणाला नको असते?

बायको: मी तेव्हाच विचारलं होतं, ह्याला काय जोडू? म्हणाला, काही नको, ते शोभेचं आहे.

आई: कोटाच्या बाहीवर असतात तशी. त्यांनी तरी कुठे काही लागतं?

नवरा: बघ, आईला कळतं.

बायको: पण शिंपी सांगत नाही, आई, की बाहीच्या बटणांनी ऊब येते.

नवरा: मी तरी कुठे सांगितलं? लोकच सांगायला लागले. मी फक्त त्यावर बोलायला लागलो.

बायको: उद्या व्याख्यानात ते आवाज मोजायचं मीटर मात्र नको लावूस.

नवरा: मी कुठे लावतोय? बोलावणाऱ्यांचंच आहे. पहिली रांग सगळी आवाजाच्या इंजिनिअरांची असणार. त्यांच्यासमोर बटण शून्यापासून दहापर्यंत नेणार आणि मीटरची सुई जागची हलणार नाही. नुसत्या बोलण्यावर ते विश्वास ठेवत नाहीत.

बायको: म्हणूनच म्हणते. हात दाखवून अवलक्षण कशाला?

नवरा: अवलक्षण कसलं?

बायको: सुयांचा काय भरवसा.

आई: आत्ताच टोचली मला.

नवरा: तुला नक्की म्हणायचंय काय?

बायको: ते बटण तू स्वतः कधी फिरवलंयस?

नवरा: हजारदा. माझ्या हातचं आहे ते.

बायको: आवाज चालू ठेवून?

नवरा: आवाज हे तुझं खातं.

बायको: काढताना तू स्पीकर बंद ठेवतोस. व्याख्यानात फोटो दाखवतोस. मी इकडे वाजवून बघायला लागले की उठून दार लावतोस.

नवरा: लक्ष विचलित होतं. मुद्द्यावर ये.

बायको: सुई हलेल.

नवरा: कशाने?

बायको: बटणाने.

आई: दोरा संपला. त्या डब्यातला पांढरा दे गं. नाही, तो नको, तो पिवळट आहे.

नवरा: किती हलेल?

बायको: पहिल्या रांगेला दिसेल इतकी.

नवरा: तू माझ्या बटणाला तार जोडलीस.

बायको: तार नसते आत. पण हो.

नवरा: कधी?

बायको: दुसऱ्या आवृत्तीत.

नवरा: म्हणजे जवळजवळ बारशापासून. आणि मी गावोगाव सांगत फिरतोय.

बायको: सांगणार होते. तोवर तुझं पहिलं व्याख्यान झालं. मग दुसरं. भरल्या ताटावरून माणसाला कसं उठवायचं? फोटोच दाखवतोय, दाखवू दे, म्हटलं. मीटर आणशील हे कुठे ठाऊक होतं?

नवरा: पण जोडलंसच का?

बायको: त्या चित्रपटवाल्या संगीतकारांचा फोन आला होता. म्हणाले, अख्खं पार्श्वसंगीत तुमच्या उबेवर उभं केलंय. बोलताना गहिवरले. मी आपली "हो का, वा वा" करत राहिले. फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. तुझे स्क्रू खोटे, लाकूड खोटं, पत्रा खोटा, मला सगळं चालतं. स्क्रू कुणाला काही कबूल करत नाही. बटण करतं. त्याच्याखाली शब्द लिहिलाय आपण.

आई: हे बाकी खरं.

नवरा: आई, तू मघाशी माझ्या बाजूची होतीस.

आई: मी शर्टाच्या बाजूची आहे. उद्या पोटावर उघडा पडला तर लोक मला नावं ठेवतील.

नवरा: मग जोडल्यावर खूश झाले असतील तुझे संगीतकार.

बायको: कुणाच्या लक्षातच आलं नाही. तक्रार तेवढी एक आली.

नवरा: कुणाची?

बायको: त्यांचीच. म्हणाले, नव्या आवृत्तीत पूर्वीची ऊब राहिली नाही.

नवरा: मग! म्हणजे माझंच खरं!

बायको: तुझं म्हणणं खरं आहे आणि तुझं बटण खोटं नाही. दोन्ही एकदमच झालंय, त्याला मी काय करू?

नवरा: हे मी पहिल्या रांगेला कसं समजावू?

बायको: नकोच समजावूस. आत्ता बसले तर चहा होईपर्यंत काढून देते. तुझ्या लॅपटॉपवर तेवढी एक वेगळी प्रत. उद्या सुई मेल्यासारखी पडून राहील. दिवे मंद, बटण भिंतीएवढं, टाळ्या.

नवरा: कुणाला कळणार नाही?

बायको: तुला आणि मला.

आई: आणि मी इथे शोभेची बसलेय.

नवरा: बरं. काढ मग.

बायको: काढते.

आई: पण जोडलंय काय त्याला?

नवरा: हो, काय जोडलंयस? ऊब म्हणजे आत काय घातलंस?

बायको: ऊब म्हणजे काय, हे मलाच कुठे ठाऊक होतं? लोक ज्याला ऊब म्हणतात, ती उकरून बघितली की बहुतेक वेळा तळाशी थोडी घरघर निघते. फिरव. बघ तर.

नवरा: फिरवलं. काही नाही.

बायको: स्पीकर बंद आहेत.

नवरा: सवय. हं, लावले. एक सूर धरून ठेव. आता दोन… तीन… काही नाही. पाच. अगं, खरंच काही नाही. तुला भास होतोय. सुई कसली हलणार!

आई: पंखा कुणी लावला रे?

नवरा: कुणी नाही, आई.

आई: लागलाय. गारठा आला इकडे. त्याचं ते एक पातं घासतंय बघ.

नवरा: आपल्या पंख्याचं पातं घासत नाही.

बायको: ह्याचं नाही. जुन्या खोलीतल्या टेबलावरच्याचं.

नवरा: त्या हिरव्या पंख्याचं? ज्याला मी पुठ्ठा लावून ठेवायचो?

बायको: सूर सोडते. आता नुसतं ते ऐक.

नवरा: आठ. हो… हा तोच. आणि हे टकटक?

बायको: माझा कीबोर्ड. एकच टेबल होतं ना, ह्या टोकाला तू, त्या टोकाला मी. मला रिकाम्या खोलीचा आवाज हवा होता. आमच्यात लागतो तो, आवाजाखाली अंथरायला. म्हटलं, बाहेर कशाला शोधा, हीच खोली घेऊ.

नवरा: दहा. हे कोण शीळ घालतंय?

बायको: तू.

नवरा: मी शीळ घालत नाही.

बायको: सावल्या काढताना घालायचास. त्याला सूरही नसायचा. गप्प बस म्हणणार होते, रिकामी खोली हवीय म्हणून. मग म्हटलं, राहू दे.

आई: लहानपणीही घालायचा. चित्र काढताना. वडील ओरडायचे.

नवरा: आणि हे इतक्या लोकांच्या गाण्यांत आहे?

बायको: तळाशी. कुणाला ऐकू येत नाही. आईंना आलं तेवढं.

आई: मला गारठा लागला.

(स्पीकरमधलं पातं घासत राहतं.)

बायको: काढू ना आता? चहा ठेवते, मग बसते.

नवरा: त्या खोलीत खिडकी कुठे होती गं?

बायको: तुझ्या डाव्या हाताला.

नवरा: मी दिवा डावीकडे धरतो. पण ते सगळेच धरतात. धंद्याचा रिवाज आहे.

बायको: धरतात. पण तुझी सावली इतरांपेक्षा लांब पडते. दुपार कलल्यावर पडते तशी. त्याच वेळी आपण खरं काम करायचो. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.

नवरा: नव्हतं.

बायको: काढू की नको?

नवरा: नको. मीटर लावू नका म्हणून कळवतो त्यांना.

बायको: मग बोलणार काय तिथे?

नवरा: सावल्यांवर बोलेन. निळी का काढायची, चमक का फिरवायची नाही. ते मला येतं.

बायको: त्याला बायका रडत नाहीत.

नवरा: नाहीत तर नाहीत.

बायको: आणि त्या बटणाला काही जोडलेलं नाही, असं सांगत आलास, त्याचं काय?

नवरा: ते चुकीचं होतं, असं सांगेन. एका वाक्यात. दोन केली की त्याचंही व्याख्यान होईल.

बायको: कुणी म्हटलं, मग फिरवून दाखवा?

नवरा: तूही चल. सूर तू धर, मी फिरवीन. ऐकू आलं तर आलं.

आई: झालं हो शर्टाचं. एकूण एक घट्ट. ओढून बघ. आणि तो पंखा बंद करणार आहात का कुणी?

नवरा: राहू दे ना, आई, थोडा वेळ.

आई: मग माझी शाल तरी आणून दे.