ती तारीख खाली नाही

आमी मूळचे बाभुळगावाजवळच्या एका खेड्यातले. बाप लग्नाचा सयपाक करे, मीबी तेच धरलं. तुमाले सांगतो, आचाऱ्याचं जगनं उलटं असते, लोकाईच्या घरी लगन असलं की आपून आपल्या घरी नसतो, पोरीचा ताप उतरला का हे मले तिसऱ्या गावात समजे. अन् आमच्यात रीत अशी, की सुपारी हातात घेतली म्हंजे तारीख पक्की, मंग माघार नाही. म्हनून कोनी तारीख सांगितली का माह्या तोंडातून आपोआप निंगते, खाली हाय, म्हंजे रिकामी, नाहीतर खाली नाही. बायको म्हने, यमानं इचारलं तरी तुमी हेच सांगान.

तर आमच्या पोरीचं, पमीचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हना. पोरगा कळंबचा, तिच्याच पसंतीचा. बायकोनं मले नवा सदरा घालून बैठकीत बसवलं अन् बजावलं, चुलीकडं फिरकले तर पाहा. बसलो बापा गुमान. जेवनं झाली, महाराजानं पंचांग काढलं, लग्नाची एक तारीख सांगितली. मी म्हनलं, खाली नाही. दुसरी सांगितली, म्हनलं, तेबी नाही, मारेगावले हाय. तिसरीले तर नुसती मान हालवली, डोळे मिटून, मोठ्या तोऱ्यात.

काय सांगू तुमाले, पोराचे वडील, म्हंजे आमचे इवाई, त्याइचं तोंड उतरलं. म्हनाले, पाव्हने, सोयरीक पटली नसन तर सरळ सांगा, अन् टोपी घालून उठलेच. आता सांगा, ज्या तिथीले लोकाईची लगनं, त्याच तिथीले माह्या पोरीचंबी होईन, एवढं मले कळू नये?

तवा पमी आतून आली. पोरीनं असं बैठकीत बोलू नये, पन बोलली. इवायाले म्हने, मामाजी, बसा, माह्या बाबाले वाटलं तुमी सयपाक सांगाले आले. सगळे हासले, इवाईबी हासले, बसले. मंग माह्याजवळ येऊन हळूच म्हने, बाबा, तुमाले सयपाकाले नाही बलावून राह्यली मी. नुसते या.

लगन त्या दुसऱ्याच तारखेले धरलं अन् मारेगावची सुपारी वापस केली, जिंदगीत पयल्यांदा. लग्नात दुसऱ्याच्या हातची आलू-वांग्याची भाजी खाल्ली, मीठ कमी होतं, गिळली. अन् पोरगी सासरी निंगतानी पाह्यली. तुमाले खोटं वाटन, इतकी लगनं केली, पन पोरगी निंगतानी मी कधी पाह्यलीच नोती, त्या वक्ती मी मांडवामांगं सयपाकाचे गंज-भांडे घासून घेत असतो. मले वाटे, बाया उगाच रडतेत.

आता लागोपाठ सुपाऱ्या घेत नाही, मधात एक दिवस घरचा ठेवतो. अन् कोनाचंबी लगन असो, पोरगी निंगाले लागली की हात पुसून जाऊन उभा राह्यतो. ओळख ना पाळख, डोक्यावर हात ठेवतो, सुखी राह्य माय म्हनतो. मंग बायकोले फोन लावतो. ती इचारते, जेवले का तिथं? म्हनतो, नाही, घरीच येऊन राह्यलो, भाकर टाक.