निरोगी माणूस पाहिजे

...आणि वर मलाच विचारतात, "आजार कोणता?" अहो, आजार नाहीच, तोच तर विषय आहे! तुम्हाला सांगते, इतकी वर्षं परदेशात शिकले, तिथली बरी नोकरी सोडून घरी आले, कशासाठी? तर आपल्या धडधाकट माणसांच्या अंगात कुठले विषाणू सुखानं नांदतात, हे आपल्याकडे कुणी बघितलेलंच नाही म्हणून. तोंडात आहेत, कातडीवर आहेत, आतड्यात तर पाय ठेवायला जागा नाही, आणि बहुतेक बिचारे आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आता, चांगल्या माणसाच्या आत काय असतं हेच ठाऊक नसेल, तर आजारी माणसाच्या आत काय बिघडलं हे कसं कळणार? पटतंय ना? तुम्हाला पटतं, हो. संशोधनाला पैसे देणाऱ्या निधी समितीला पटत नाही.

समितीचे खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, कावीळ असेल तर बघू, साधा ताप असला तरी बघू. पण न गळणाऱ्या नळाला प्लंबर कोण बोलावतं?" चिटणीसबाईंनी पेन उघडून ठेवलेलं. "तेवढं सांगा, आजार कोणता? म्हणजे मला लिहून टाकता येईल."

घरी येऊन रडले तर आई म्हणते, "माझी थुंकी घे. मला काय धाड भरलीय? घोड्यासारखी आहे मी."

शेवटी अध्यक्षच म्हणाले, "माझा नमुना घ्या. माझ्यात काही सापडलं, तर पैसे मंजूर." सत्तरीचे गृहस्थ, रोज सकाळी पोहतात, जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढतात, त्यामुळे काही सापडणार नाही याची त्यांना बालंबाल खात्री. मी नळी पुढे केली, ते ऐटीत थुंकले, आणि मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत हातापाया पडून मी तपासणी करून घेतली.

आता माझं काय चुकलं ते ऐका. मी जिथे शिकले तिथे नमुना देणाऱ्याला निकाल आपण होऊन सांगतात, त्याचा हक्कच असतो तो. म्हणून मी धावत गेले, भर बैठकीत म्हटलं, "साहेब, अभिनंदन, तुमच्यात भरपूर आहेत."

साहेब हळूच खुर्चीत टेकले. "म्हणजे मला... आजार कोणता?"

"काहीही नाही, साहेब. तुम्ही ठणठणीत आहात."

"मग इतके आलेत कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून पोहणं बंद, गळ्याला मफलर, जिना सोडून लिफ्ट. चिटणीसबाईंनी खुर्ची खिडकीपाशी नेली. शिपाईमामा पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवून लांबूनच ढकलायला लागले. खजिनदार मला जिन्यात गाठून कुजबुजले, "अहो, माझ्यात पण असतील का हो?" म्हटलं, असणारच, सगळ्यांत असतात. झालं, हेही वाक्य मी बोलायला नको होतं... संध्याकाळपर्यंत पैसे एकमतानं मंजूर, लवकर सुरू करा म्हणून फोनवर फोन!

आता मला हवीत निरोगी माणसं, पण साहेबांची बातमी गावभर पोचलेली. गेले व्यायामशाळेत. तिथला पैलवान, दंड असे उशीएवढे, म्हणतो, "ताई, मला निरोगी नका धरू, अलीकडे जांभया फार येतात." औषधवाल्याला विचारलं, तो दोनदा खोकून दाखवतो. का, तर निरोगी म्हटलं की आत बघणार, आणि आत बघितलं की सापडणार! गावभर एकही चांगला माणूस शिल्लक नाही हो.

घरी आले, नळी आईपुढे धरली. आई म्हणाली, "माझं नाव नको घालूस निरोगी माणसांत. गुडघा जरा धरलाय."

"अगं, तू घोड्यासारखी होतीस ना?"

"घोड्याला गुडघे नसतात होय?"

राहिले कोण, मी. म्हटलं चला, आपल्यापासून सुरुवात. आरशासमोर उभी राहिले, नळी उघडली, तोंड उघडलं, आणि काय सांगू तुम्हाला, सहज जिभेकडे लक्ष गेलं. जरा पांढरट नाही वाटत? आत घेतली, पुन्हा बाहेर काढली, दिव्याखाली धरली... तेवढ्यात मागून आई. तिनं माझ्याकडे पाहिलं, जिभेकडे पाहिलं, आणि काळजीनं विचारलं, "काय गं, आजार कोणता?"

नळी बंद करून ठेवून दिली. म्हटलं, आई, बरी झाले की कळवते.